ओरिन यांची उलटी बैठक

मिलब्रुक, ओहायो
७ ऑक्टोबर १९१३

आदरणीय लव्हिनिया वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? पीचच्या लोणच्याची बरणी पोचली (झाकण उघडायला वेंडेलला बोलवावं लागलं, लेक तेवढ्यापुरता तरी येतो). मी ठीक आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि कुणी विचारलं की ठीक आहे म्हणते.

पत्र गाडीविषयी. वेंडेल ती शनिवारी विकतोय. विकू दे, मला काहीच वाटत नाही. खास बायकांसाठी बनवलेली विजेची गाडी ती: पडदे, काचेची फुलदाणी, वळवायला चाकाऐवजी दांडा. चालवणारीने मागे बसायचं आणि पाहुण्याने पुढे, तिच्याकडे तोंड करून. (कारखानदाराला वाटलं असेल, बायका गाडी कुठे चालवतात, गप्पाच मारतात.) तुमचे भाऊ सहा वर्षं त्या पुढच्या बैठकीवर बसले. रस्त्याकडे पाठ, नजर माझ्यावर आणि सूचना अखंड. "डावीकडे घे! आता सरळ!" अहो, तुम्हाला दिसतंय तरी काय, असं विचारलं की म्हणत, "तुझ्या चेहऱ्यावरून कळतं." होलिस्टरबाईंच्या खुराड्यात आम्ही घुसलो तेही त्यांच्याच हुकमावरून. कोंबड्या टपावर चढलेल्या, आणि हे मला म्हणतात, "तू घाबरलीस म्हणून झालं." मी चार दिवस बोलले नाही. ते चार दिवस मला परत हवेत, वन्सं.

मार्चमध्ये ते गेल्यापासून गाडी उभीच होती. परवा पहिल्यांदा एकटी निघाले, त्यांच्या कबरीवर फुलं ठेवायला. आजवर त्यांच्या खांद्यावरून वाकून वाकून पाहिलेला रस्ता आता लख्ख मोकळा. चर्चच्या चौकात थांबले आणि थांबूनच राहिले. मागून दूधवाला ओरडला, "बाई, कुठं वळायचं ते ठरवा एकदाचं!" मी म्हणाले, "हे सांगतील ना." मोठ्याने म्हणाले, चौकातल्या सगळ्यांनी ऐकलं. पुढे पायीच गेले. गाडी वेंडेलने घरी आणली आणि म्हणाला, "आई, आता पुरे." बरोबरच आहे त्याचं.

तुमची,
कॉर्डेलिया

ता. क. मला गाडी विकायची नाही.

आणखी एक ता. क. शुक्रवारच्या आगगाडीने या, गुडघा कसाही असला तरी. तुमचे डोळे हुबेहूब त्यांचे, आणि चुका काढण्यात तुम्ही त्यांच्याही थोरल्या. समोर बसा आणि कबरस्तानापर्यंत मला रागवत न्या. येताना मात्र एक अक्षर बोलू नका; मला सवय करायची आहे.