चिंच उलटी चालते

३ जून, पहाटे ५
आजपासून शिस्त. पीएच.डी.चं हे शेवटचं एक्स्टेन्शन. डिसेंबरपर्यंत निकाल दिला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, नऊ वर्षं पाण्यात. प्लॅन सोपाय. कॉलेजच्या नर्सरीत चिंचेची वीस रोपं. दहा रोज सकाळी वीसदा हलवायची, दहांना हात लावायचा नाही. हललेलं झाड बुटकं, जाडजूड होतं. तेव्हा त्यात कुठला जीन जागा होतो, तोच माझा मार्कर, म्हणजे ओळखायची खूण. पुढं नुसतं पान तपासून वाऱ्यात टिकणारं रोप निवडता येईल. आमच्या भूम गावाचं नाव जगात जाणार.

४ जून
हलवली. खांदा दुखतोय.

१० जून
पाच दिवस लग्नं. हलवल्याचं रजिस्टर मात्र भरून टाकलं. शिस्त म्हणजे शिस्त.

२ जुलै
वारा सुटलाय. निसर्गच हलवतोय, मी मधे कशाला पडू? दोन्ही गटांना हलवतोय म्हणा, ते नंतर बघू.

१८ जुलै
बायको निकिता म्हणते, गजर तुमचा आणि उठते मी. तिला रिसर्चमधलं काय कळतं!

११ ऑगस्ट
नर्सरीत पाणी घालणाऱ्या कस्तुराबाईंनी विचारलं, सर, लई दिसानं? सांगितलं, रोज पहाटे येऊन ही दहा हलवून जातो, तुम्ही यायच्या आधी. बाईंना पटलं.

२० सप्टेंबर
मापं घेतली. न हलवलेली दहा बुटकी, जाड! हलवलेली (रजिस्टरप्रमाणे) उंच आणि लुकडी. म्हणजे चिंच उलटी चालते. अरे, हा तर नवा सिद्धांत! पानं लॅबला पाठवली.

१५ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. जीन जागा झालाय, तोही न हलवलेल्यांतच. गाईड बसवराज सरांना फोन केला. आकडे दोनदा वाचायला लावले. भारावले असणार. सोमवारी येतो म्हणाले. नवा शर्ट घेतला.

१७ नोव्हेंबर
बसवराज सरांनी आल्या आल्या कस्तुराबाईंनाच विचारलं, या जाड रोपांना कोण हात लावतं?
"म्या. पाणी घालताना रोज हलवून बगते, मुळं धरली का. त्या दुसऱ्या दहांना न्हाय लावत. ती सर पहाटं हलवतेत, तेच म्हनले व्हते."
बसवराज सर माझ्याकडं बघत राहिले, मी रजिस्टरकडं. लाज वाटली. खरंच वाटली.

१८ नोव्हेंबर
खरंच हललेल्यांतच जीन जागा झाला, म्हणजे मार्कर खरा निघालाय. प्रयोग नव्यानं करायला बसवराज सर विद्यापीठाकडून खास बाब म्हणून सहा महिने मागून घेणार आहेत. अट एकच, हलवणं आणि रजिस्टर दोन्ही कस्तुराबाईंकडं. मला पाणी घालायला ठेवलंय.

१९ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
गेलो तर पाणी घालून झालं होतं. कस्तुराबाई म्हणाल्या, "सर, तुमी नगा तरास घेऊ. सावलीला बसा."
बसलो.