सुडाचे कॉर्ड

१७ जानेवारी
आजचा अपमान मरेपर्यंत विसरणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलमध्ये उमाचं गाणं, आणि साथीला मी नाही! लग्न झाल्यापासून तिच्या शेजारची खुर्ची माझी, पेटी माझी. आज तिथे शाळेतला संगीतशिक्षक मुकुल, कीबोर्ड घेऊन. मी बाहेर चपलांपाशी बसून ऐकलं. उमा म्हणाली, भावगीताला कॉर्ड छान वाटतात हो, तुम्ही पेटीवर नुसते माझ्या मागून धावता. मी धावतो? वर तो शिंचा वाकून नमस्कार करतो. काका म्हणतो.
खुर्ची परत घेणार. तीही त्याला चारचौघांत तोंडघशी पाडून.

१८ जानेवारी, सकाळ
संकल्प. पहाटे उठून कॉर्ड शिकणे. गोड बंद. मुकुलशी अबोला.

संध्याकाळ
दुपारी मारुती मंदिराच्या नाक्यावर मुकुल भेटला. काका, घरी सोडू का म्हणाला. ऊन फार होतं, बसलो. अबोला उद्यापासून.

२७ जानेवारी
कॉर्ड म्हणजे एकदम तीन सूर. बोटांची फार ओढाताण होते. पहाटेचा रियाज थंडीमुळे स्थगित. उमा म्हणाली, रत्नागिरीत कसली मेली थंडी! या बाईला कलावंताची कदर नाही.

४ फेब्रुवारी
दुबईहून कायमचे परतलेले खुर्शीदभाई मुलाचा कीबोर्ड विकत होते. आणला. त्यात एक बटण आहे, ऑटो व्हॉइसिंग. खुर्शीदभाईंनी समजावलं: एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर हात तसाच सरकवला, की सगळा आवाज उडी मारतो. हे बटण चालू असलं की यंत्र आपणहून सूर वरखाली करून जवळची मांडणी लावतं. उडी नाही, धक्का नाही. मी म्हटलं, मला गरज नाही, पण असू दे चालू.

१२ फेब्रुवारी
माझा हात बसला! आठवड्यात! पंजा एकाच आकारात ठेवतो आणि हवा तिथे नेऊन टेकवतो. आवाज असा मऊ येतो, की खोबऱ्याची वडी. उमा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, हे तुम्ही वाजवताय? आश्चर्य लपत नव्हतं. बटणाचं बोललो नाही. विषयच निघाला नाही.

२३ फेब्रुवारी
१५ मार्चला चिपळूणला गायनस्पर्धा. सकाळी अभंग, दुपारी भावगीत. उमाने न्याय केला: अभंगाला मुकुल, भावगीताला मी. मी मोठ्या मनाने सुचवलं, दोन कीबोर्ड कशाला वाहायचे, माझाच नेऊ. मुकुलने आभार मानले. मान लेका.
त्याचं गुपित मी ओळखलंय. वाजवताना त्याचा हात जेमतेम हलतो आणि कॉर्ड बदलतात. म्हणजे त्याच्याकडेही बटण आहे! स्पर्धेआधी गुपचूप माझं बटण बंद करणार. मग पडेल उघडा.

१४ मार्च
उद्या. वरण-भात दोनदा घेतला. सुडाला ताकद लागते.

१५ मार्च, सकाळ, चिपळूण
बटण बंद केलं. मुकुल बसला. मी पहिल्या रांगेत, खास आलो होतो बघायला.
काही झालं नाही. तो बोटं वेगवेगळी फिरवून जवळचे सूर स्वतः शोधत होता. हाताने! काही लोकांना सोपं काम अवघड करून करायची खोडच असते. टाळ्या पडल्या. त्या उमाला असणार.

रात्र
लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. दुपारी रागाच्या भरात तसाच जाऊन बसलो. बटणाचं डोक्यातून पार गेलं. पहिला कॉर्ड ठीक. दुसऱ्याला आवाज जिन्यावरून डबा गडगडावा तसा खाली, तिसऱ्याला छपरावर. तबल्यावरची राजश्री वळून बघायला लागली. मी जोरात दाबून पाहिलं. उमाने गाता गाता माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून गाणं संपवलं. नुसत्या तबल्यावर.
पहिला नंबर. परीक्षक म्हणाले, साथ थांबली आणि गाणं सुरू झालं.

१६ मार्च
उमाने जाहीर केलंय, यापुढे तंबोरा आणि तबला. बाकी कुणी नको. मुकुललाही तसं फोनवर सांगितलं.
म्हणजे मुकुलची खुर्ची गेली. सूड पुरा झाला. पेढे आणावे म्हणतो.

संध्याकाळ
आणले नाहीत. उमा आतल्या खोलीत दार लावून गातेय. मी बाहेर बसलोय, हात रिकामे.
छान गाते. फारच छान गाते. इतकी वर्षं पेटीच्या आवाजात मला कधी नीट ऐकूच आलं नव्हतं.
मुकुललाही आलं नसणार. तेवढंच समाधान.