झाकणावरचा काळा डाग

बाबा,

बाळीला लस टोचायला नेते आहे, अकरापर्यंत येऊ. चहा थर्मासमध्ये आहे.

लेझर मशीनच्या झाकणावरचा तो डाग तुमच्यामुळे पडलेला नाही. परवा दुपारी लाकडी हत्ती कापायला लावले होते. आत बाळी रडली म्हणून मी "आले गं आले" करत मशीन चालू ठेवूनच उठले. परत येते तर आत जाळ. ट्रेमधले जुने कपटे मी काढलेच नव्हते. प्लग ओढला आणि तिचं ओलं दुपटं टाकून विझवलं.

संध्याकाळी डाग पाहून तुमच्या लेकाने तुम्हालाच सुनावलं, "बाबा, यापुढे मशीनला हात लावू नका." मी खाली मान घालून कपड्यांच्या घड्या घालत बसले. जन्मभर सुतारकाम केलेले तुम्ही, पण आपलं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलंत. जळक्या दुपट्याच्या वासावरून हे माझं काम आहे, ते तुम्ही ओळखलं असणार.

आज सकाळी त्याला खरं सांगितलं. ओशाळलाय. माफी मागायला येईल, लगेच सोडू नका.

ट्रे झाडलाय. आग विझवायचा सिलिंडर खोक्यांमागे अडकला होता, तो दाराशी टांगलाय. तुमचं स्टूल पुन्हा मशीनसमोर ठेवलंय, उरलेले हत्ती तुम्हीच कापा. फक्त नात कितीही रडली तरी आधी मशीन थांबवायचं, मग तिला उचलायचं. तेवढ्या रडण्याने काही होत नाही.

हे खरं तर मलाच पाठ करायचंय. वाचून झालं की चिठ्ठी भिंतीवर लावा. मशीनवर नको, कागद आहे.

तुमची सून