वीस, बारा, तीन

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, रंगाच्या दुकानातला धाकटा भाऊ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला काळजी करायला कारण लागत नाही. शिक्षण सातवीपर्यंत. मजकूर तीनदा तपासला आहे. चूक निघालीच तर ऱ्हस्व-दीर्घाची निघेल, हिशेबाची नाही.

१. दुकानातला माझा निम्मा हिस्सा, पोटमाळ्यासकट, मी वहिनीला देतो, तिच्या एकटीच्या नावावर. दादाला त्यात काही करायचे असेल तर त्याने तिला विचारावे. ही सवय त्याला आधीच लागायला हवी होती.

२. बँकेतली शिल्लक, दवाखान्याचे बिल भागून उरली तर, आईला. तिने ती दादाला उसनी देऊ नये.

३. माझे चार रुंद ब्रश वहिनीला. ते डब्यात उभे ठेवू नयेत, केस वाकडे होतात. धुऊन टांगावेत.

४. आता बाबांचा निळा. दारे-खिडक्यांचा हा रंग बाबा स्वतः मिसळत, आणि त्याच्यावरच दुकान उभे राहिले. जाण्यापूर्वी त्यांनी दादाला सांगितले, पांढरा आणि निळा पाचास तीन. मला सांगितले, निळा आणि काळा चारास एक. असे अर्धे अर्धे का, म्हणून मी विचारले. "दोघं एका बाकावर बसाल तेव्हाच तो रंग जमेल," म्हणाले.

आम्ही बसलो नाही. दादाने माझे अर्धे उभ्याउभ्या विचारून घेतले, आपले सांगितले नाही. मग एका डब्यात पाच मापे पांढरा आणि तीन निळा घेतला, दुसऱ्यात चार निळा आणि एक काळा, आणि दोन्ही डबे एकत्र ओतले. निळा दोनदा पडला. शाळेचे फाटक इतके भडक झाले की मुख्याध्यापिकाबाईंनी सगळा रंग खरवडायला लावला. त्यांच्यासमोर दादा म्हणाला, "माझं पाचास तीन बाबांनी स्वतः सांगितलंय. यानंच मला खोटं सांगितलं."

त्याचे अर्धे मला कळले ते असे. मी म्हणालो, दादा, निळा एकच आहे, तो दोनदा घ्यायचा नसतो.

"सातवीत दोनदा बसलास आणि मला हिशेब शिकवतोस?"

तेव्हापासून बाजारात मी खोटारडा आहे आणि रंगांच्या कपाटाला कुलूप आहे.

५. मी खोटे सांगितले नव्हते, हे मी येथे जाहीर करतो. दादाकडे निळा तीन, माझ्याकडे चार. रंग तोच, म्हणून आकडाही एकच करून घ्यावा लागतो. तीन आणि चार यांची गाठ बारावर पडते. दादाचे चारपट करा : पांढरा वीस, निळा बारा. माझे तिप्पट करा : निळा बारा, काळा तीन. म्हणून वीस, बारा, तीन. कुलपाची किल्ली वहिनीकडेही असते. तिने स्वयंपाकघरात चमच्याने मापून हे करून पाहिले. "चमचा वाया गेला भाऊजी," ती म्हणाली, "पण बाबा सापडले."

६. हे माप दुकानाच्या पाटीखाली मोठ्या अक्षरांत लिहावे. कोणीही यावे, वाचावे, करून पाहावे.

७. दादाला मी चारास एक देतो. आधीही दिले होते. या वेळी त्याने बसून घ्यावे.

८. मी परत आलो तर वरील सर्व रद्द समजावे, कलम पाच सोडून.

९. आज दुपारी दुकान बंद असताना पुढचे दार मी वीस, बारा, तीनने रंगवले आहे. संध्याकाळी दादा मला दवाखान्यात न्यायला येईल तेव्हा ते ओले असेल. त्याने हात लावू नये. समोर उभे राहून नीट बघावे, आणि त्यानंतरही खोटारडा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

सही : धाकटा
ठिकाण : दुकानाचा पोटमाळा
दिनांक : १४ जून २०२६, रविवार

साक्षीदार (वहिनीला हिस्सा मिळत असल्याने तिची सही घेतलेली नाही) :

१. मुख्याध्यापिकाबाई. कलम पाचमधला हिशेब तपासला. बरोबर आहे.

२. समोरचे काचवाले काका. याने माझ्यादेखत सही केली. येताना दार पाहिले. तोच रंग.