स्वच्छ तळवे

मंगळवार, संध्याकाळ

अनिस खोटं बोलतोय, असा माझा संशय आहे. किल्ल्यावरच्या अंधारीच्या भुयारात भिंत चाचपत गेलं की काजळीनं तळवे काळे होतातच. आज सिल्लोडच्या शाळेची मुलं त्याच्यासोबत जाऊन आली, आणि सगळ्यांचे तळवे स्वच्छ. आणि याला मी बाकीच्या गाईडांपुढं नावाजते! विचारलं, तर जमिनीकडं बघत म्हणाला, "मॅडम, पूर्ण दाखवलं."

मग एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं, आत कसं वाटलं?

"आत नाय गेलो. गाईड सरांनी दारातच डोळे मिटायला लावले आन् गोष्ट सांगितली. लई भ्या वाटलं, म्हणून मी सरांचा हात धरला. तर त्यो माझ्यापेक्षा जास्त थरथरत व्हता."

स्वच्छ तळवे. आता आठवतंय, अनिसचे तळवे मी कधीच काळे पाहिले नाहीत.