बाळंतविड्यातला डबा

पाटण, १२ मार्च १९७६

प्रिय मानसिंग,

परवा तुझ्या कंपनीची मोटार पुन्हा आमच्या दवाखान्यापुढे उभी राहिली. दुधाच्या पावडरीचे फुकट डबे घेऊन आलेल्या तुझ्या माणसाला मी फाटकातूनच परत पाठवलं. कुंची, झबलं, खारीक-खोबरं आणि मधोमध तुमचा डबा, असा बाळंतविडा बांधून घरोघर द्यायची युक्ती तुझी, हे त्यानेच कौतुकाने सांगितलं. साहेबांनी त्याबद्दल तुला ट्रान्झिस्टर दिला म्हणे. युक्ती पक्की आहे रे. घरी आलेला बाळंतविडा कोणती बाळंतीण परत करील? लहानपणी आईबरोबर तूही विडे पोचवायला यायचास, वाटेत खारका चोरायचास. तिथे जे शिकलास ते असं विकलंस, याची मला किळस येते.

तुझ्या घरी रतनचं बाळंतपण उरकून मी सांगलीहून परतले त्याच दिवशी कोयनेकाठची धोंडुबाई तिची तान्ही मुलगी घेऊन आली. नवरा फौजेत. विड्यातला डबा शुभाचा म्हणून तिने उघडला, पोरीला बाटली लावली, अंगावरचं दूध आटलं. मग विकतचा एकच डबा पुरवून पुरवून, नदीच्या पाण्यात चिमूटभर पावडर ढवळून पाजत राहिली. हगवणीने पोरीचं नुसतं कातडं उरलं होतं. अंगावर का नाही पाजलंस म्हटलं तर म्हणाली, आवं बाई, डब्यावरचं प्वार लय गुटगुटीत हाय, माज्या दुधात तेवढा जोर कुठला?

आणि तुझ्या घरी फळीवर डब्यांची चळत, एकही उघडलेला नाही. विचारलं तर म्हणालास, अक्का, आपल्याला पोर वाढवायचंय, डबे खपवायचे नाहीत. मला तेव्हा ती थट्टा वाटली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे लोक निदान तोंडाने तरी कबूल करत नाहीत.

रविवारी बारसं आहे. नाव आत्याने ठेवायचं, म्हणजे मी. मी येणार नाही. धोंडुबाईची पोर काल सकाळी गेली. बाप रजेवर आला की बारसं करू म्हणून ते राहिलं होतं, बिननावाचीच पुरली. तिथून येऊन तुझ्या घरी पाळणा म्हणायला माझा आवाज निघायचा नाही. बाळाला माझा आशीर्वाद आहे, त्याच्यावर माझा राग नाही. अक्का का आली नाही म्हणून रतन विचारील. तिला खरं ते सांग, आणि तिच्या मांडीवर बाळ पीत असेल तेव्हाच सांग.

तुझीच,
अक्का