दाढेचा रंग

रुग्णालयाचा व्हरांडा,
बुधवार, सकाळचे अकरा दहा

चि. छबू,

अनेक आशीर्वाद. आत एकालाच सोडतात म्हणून बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. चिठ्ठी आयाबाई आणून देतील. काल दुपारपासून तू काही खाल्लेलं नाहीस, दोन घास खाऊन घे. घरी गॅस बंद आहे, मी दोनदा बघितलाय.

ठमीचा ताप पहाटे १०२.४ होता, मघाशी १०२.१. उतरतोय म्हणायचा. डॉक्टर हुशार वाटतात, फक्त अक्षर गचाळ आहे.

काल तिच्या गालाची सूज बघून त्यांनी दातांचं विचारलं तेव्हा तू रडलीस. म्हणालीस, झोपताना बाटलीनं दूध पाजायचे, तेच बाधलं असेल. मी शेजारीच होतो. म्हणालो, "आईनं लक्ष द्यायला हवं होतं."

हे बोलताना मला सगळं ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी तू कामासाठी परगावी होतीस, तेव्हा तिच्या डाव्या खालच्या दाढेत भोक दिसलं. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दंतवैद्याला दाखवा." मी म्हटलं, "बत्तीस वर्षं कवळ्या करतोय, तेही कुणी न शिकवता. मला दातांचं कोण सांगणार? आणि दुधाचेच आहेत, पडायचेच." तू हसलीस, "बरं, तुम्ही म्हणजे डॉक्टरांचे डॉक्टर." मला ते फार आवडलं गं.

मग मीच केलं. तिला माझ्या कामाच्या स्टुलावर बसवलं, भोकाची कड बारीक कानशीनं घासून सारखी केली आणि कवळीचा मसाला भरला. शेजारच्या दाढेशी रंग जमवायला पाऊण तास गेला. ठमी म्हणाली, "आजोबा, आईला सांगू?" मी म्हणालो, "नको. ओळखते का बघू."

परतल्यावर तू भोकाचं विचारलंस, मी म्हणालो, नुसता डाग होता, निघाला. तू ओळखलं नाहीस. काल डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, त्यांनीही नाही. "दाढा सगळ्या शाबूत आहेत," म्हणाले आणि कागदावर गालगुंड लिहिलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी भीती वाटली, पण त्याच्या आधी बरं वाटलं. माझं काम कुणाला दिसलं नाही म्हणून.

आज सूज हनुवटीखालून गळ्याकडे उतरली. तिला थुंकीही गिळवेना. तेव्हा कुठे मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि दाढ कुठली ते सांगितलं.

ते ओरडले असते तर सोसलं असतं. सावकाश म्हणाले, "दुधाच्या दाताचं कवच मोठ्यांच्या निम्मंच जाड असतं. होतं तेवढंही तुम्ही घासलंत. कीड आत कोंडून वर झाकण बसवलंत. पू आता गळ्यात शिरतोय."

मी विचारलं, "वाचेल ना?"

म्हणाले, "काल बोलला असतात, तर मी लगेच हो म्हणालो असतो."

बाराला तिला ऑपरेशनला नेणार आहेत. दाढ काढून पू बाहेर काढतील. सहीचा कागद आला की लगेच सही कर. मला विचारायला थांबू नकोस. आता मला काहीही विचारू नकोस.

बाटलीच्या दुधानं हे झालेलं नाही. हे वाक्य दोनदा वाच.

तिला नेताना मी दारापाशी यायचं की नाही, ते तू सांग. नको म्हणालीस तर जिन्याखाली थांबेन. घरी जा म्हणालीस तर मात्र ऐकणार नाही.

ज्याच्या भरवशावर तू तिला ठेवून गेलीस तो,
बाबा